खुराडे : कोंबडीचे आणि कोंबडी पाळणारीचे

मराठीत ‘खुराडे’ हा शब्द आपण कोंबडीपेक्षा माणसाच्या घराविषयीच अधिक वापरतो. अंधारी, कोंदट, दाटीवाटीची खोली दिसली की तिला आपण खुराडे म्हणतो. शब्दाला हा अर्थ उगाच चिकटलेला नाही. ओट्याच्या पोटात किंवा मागच्या भिंतीला लागून केलेली दगडमातीची बुटकी पोकळी, तिला एकच तोंड, ते रात्री फळी आणि धोंडा लावून बंद केलेले. आत हवेला वाट नाही आणि खराट्यालाही नाही, अशीच खुराडी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्यांत कोंबड्या जगल्या हे खरे. पण किती मेल्या याचा हिशेब सहसा कोणी ठेवला नाही. उन्हाळ्यात ‘मर आली’, पावसाळ्यात ‘पिल्ले टिकली नाहीत’, एखाद्या रात्री ‘मुंगसाने नेली’, अशा वाक्यांनी तो हिशेब मिटत असे. या लेखात तो पुन्हा उघडावयाचा आहे. कारण यांतील पुष्कळशी मर दैवाची नसते, बांधणीची असते, असे अभ्यासान्ती म्हणावे लागते.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कुटुंबाला शेती नाही, त्याला म्हैस परवडत नाही आणि शेळीला चारा कोठून आणावा हा प्रश्न पडतो. कोंबडी मात्र सांडलेल्या दाण्यावर, किड्यामुंग्यांवर आणि उकिरड्यावर आपले अर्धेअधिक पोट भरते. म्हणून भूमिहीनांच्या वस्त्यांत कोंबडी हे जित्राब टिकून राहिले. त्यातून येणाऱ्या पैशावर बहुधा घरातील स्त्रीचीच सत्ता असते. मुलाची वही, एस.टी.चे भाडे, तापावरचे औषध हे त्या पैशातून, कोणाकडे हात न पसरता, भागते. गावरान कोंबडी वर्षाला साधारणपणे ६० ते ७० अंडी देते. दहा कोंबड्यांची सहाएकशे अंडी धरली आणि त्यांतील तीन कोंबड्या चैत्रातच गेल्या, तर वर्षाची सुमारे दोनशे अंडी बुडाली. शिवाय रवणाला बसवून जी पिल्ले निघाली असती, ती वेगळीच. एवढा तोटा जिथून होतो, ते छिद्र बुजवण्यासाठी शे-दोनशे ओळी खर्च करण्यास हरकत नसावी.

पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे मुख्यतः लाल रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर चरतो; परंतु अंधार पडू लागला की झाडाच्या फांदीवर जाऊन बसतो. भोवती मोकळी हवा, पायाखाली फांदी आणि शत्रूच्या तोंडापासून उंची, या तीन गोष्टींचा त्याचा निवारा. आपण कोंबडीला परसात आणले, तिचे रान सुटले, पण तिचे शरीर बदलले नाही. तिच्या देहाचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. उष्णता बाहेर टाकण्याचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे चोच उघडून धापणे आणि पंख अंगापासून दूर धरणे. तिच्या फुप्फुसांना जोडून शरीरभर हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात. त्यामुळे धूळ आणि दूषित वायू यांचा उपद्रव तिला आपल्यापेक्षा लवकर होतो. ती वेगळी लघवी करीत नाही. विष्ठेतील पांढरा भाग म्हणजेच ती. ताज्या विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणी असते. बंद खुराड्यात दहा कोंबड्या रात्रभर श्वासावाटे आणि विष्ठेवाटे ओलावा सोडतात आणि त्या ओलीत जंतूंच्या क्रियेने अमोनिया तयार होतो. पहाटे फळी काढल्याबरोबर जो उग्र दर्प नाकात शिरतो, तो हाच.

हवा

खुराडे चांगले की वाईट हे ठरवण्याची एक कसोटी आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. कोंबड्या सोडण्यापूर्वी, भल्या पहाटे, वाकून आपले डोके कोंबडीच्या उंचीवर न्यावे आणि चार-पाच श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर हवा अपुरी आहे. एका खोलीत तीस-चाळीस जणांनी मिळून रात्री काढल्या आहेत, अशा वसतिगृहवासी वाचकाला उघड्या खिडकीची किंमत निराळी सांगावयास नको.

हवा हवी, पण वाऱ्याचा झोत अंगावर नको, ही येथील गोम आहे. कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंत भिंत बंद असावी आणि तिच्या वर, छपराच्या खाली, चारही बाजूंना निदान वीतभर जाळी असावी. उबदार, दमट हवा वर चढते आणि तेथून निघून जाते. थंडी पडली म्हणून ही फट चिंध्या कोंबून बुजवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे. कोरडी, पिसारा धड असलेली प्रौढ कोंबडी आपल्याकडील हिवाळा सहज सोसते. ती खचते ती ओलीने. गोणपाटाचा पडदा लावावयाचाच झाला तर तो वरून न सोडता खालच्या कडेला बांधून वर ओढावा, म्हणजे वरची वीतभर जागा आपोआप उघडी राहते.

विदर्भ-मराठवाड्यात खरा वैरी उन्हाळा. नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा नुसत्या पत्र्याचे खुराडे म्हणजे भट्टीच. तेथे उत्तर-दक्षिण बाजू जाळीच्या ठेवून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत येत नाही. छपराला कवेलू उत्तम. पत्राच असेल तर त्यावर चुना फासावा आणि पाचट किंवा गवताचा जाड थर दोरीने बांधावा. तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची ताटी भिंतीला फार चांगली. ती श्वास घेते आणि फुकट मिळते. मात्र तिच्या आतून जाळी मारल्याशिवाय ती एकटी विश्वासाची नव्हे. कडुनिंबाच्या किंवा शेवग्याच्या सावलीत जागा मिळाली तर निम्मे काम झाले. कोकणात प्रश्न उलटा. तेथे झड येते ती पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून. म्हणून ती बाजू बंद, छपराची वळचण दीड-दोन फूट पुढे आणि पावसाळ्यापुरती उघड्या बाजूंना माडाच्या झावळ्यांची झापे टांगलेली. जमीन महिनोन्‌महिने ओली राहत असल्याने तेथे खुराडे जमिनीवर टेकवूच नये.

मापे

मापांविषयी आपल्याकडे अंदाजपंचे कारभार चालतो. रात्रीपुरता निवारा आणि दिवसभर मोकळे चरणे असेल तर प्रत्येक पक्ष्यास निदान एक चौरस फूट जागा धरावी. दिवसाही कोंडून ठेवावयाचे असेल तर दोन चौरस फुटांपेक्षा कमी नको. पण जागेपेक्षा महत्त्वाचा तो दांडा. रात्री कोंबडी जमिनीवर नव्हे, दांड्यावर बसावी. प्रत्येकीस आठ इंच दांडा लागतो. दहा कोंबड्या व एक कोंबडा यांना अठ्ठ्याऐंशी इंच, म्हणजे साडेसात फुटांच्या आत-बाहेर. चार फूट रुंद आणि तीन फूट खोल खुराडे घेतले, तर त्यात चार-चार फुटांचे दोन दांडे बसतात: मागच्या भिंतीपासून एक फुटावर पहिला, त्यापुढे एक फुटावर दुसरा आणि पुढेही एक फूट मोकळा. जागा बारा चौरस फूट झाली. अकरा पक्ष्यांचा हिशेब चोख बसला.

दोन्ही दांडे एकाच उंचीवर असावेत. एक वर, एक खाली ठेवला की वरच्यासाठी रोज सांजेला भांडणे होतात आणि दुबळी कोंबडी खालच्यांच्याही खाली जाऊन घाणीत बसते. दांडा दोन इंच जाडीचा, कडा घासून गोल केलेला. लोखंडी नळी नको. ती हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात तापलेली आणि बारमाही गुळगुळीत. गावरान कोंबडी तीन-चार फूट सहज उडते. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती अंगाने जड. त्यांच्यासाठी दांडा दीड फुटाच्या वर नेऊ नये, नाहीतर रोजच्या उडीने पाय सुजतात. दांडे खाचेत नुसते ठेवावेत, खिळ्याने ठोकू नयेत. याचे कारण पुढे गोचिडीच्या प्रकरणात येईल.

अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खण पुरतो. फूटभर लांब, फूटभर रुंद, थोडासा अंधारा, तळाशी पेंढा, पुढे चार इंचांची पट्टी. हे खण दांड्यापेक्षा खाली असावेत. वर असले की कोंबड्या त्यांतच झोपू लागतात आणि अंडी विष्ठेने माखतात. खणाचे झाकण खुराड्याच्या बाहेरून उघडेल असे करावे.

येथे थोडे थांबून त्या झाकणाविषयी बोलले पाहिजे. खुराडे बांधणारा बहुधा पुरुष असतो आणि ते झाडणारी स्त्री. त्यामुळे दार कोंबडीच्या मापाचे होते आणि साफसफाई करणारीला गुडघ्यांवर बसून, अर्धे अंग आत घालून राख-माती ओढावी लागते. मजुरीवरून परतलेल्या बाईकडून ते रोज होत नाही, यात तिचा दोष नाही. खुराड्याला दोन दारे हवीत. एक फूटभराचे, कोंबड्यांसाठी; दुसरे पुढची सारी बाजू उघडणारे, माणसासाठी. खुराडे दोन-अडीच फुटांच्या पायांवर उभे केले की त्याचा तळ कमरेच्या उंचीवर येतो आणि उभ्याने खराटा चालतो. पुढे ज्या अनेक गोष्टी सांगावयाच्या आहेत, त्या या एका सोयीवर अवलंबून आहेत.

शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेतून अनुदानावर तलंगांचा गट मिळतो, त्यात २५ माद्या आणि ३ नर असतात. पाच-सहा कोंबड्यांच्या सवयीच्या घरात एका दिवशी अठ्ठावीस पक्षी येऊन दाखल होतात. त्यांना पाच फूट बाय सहा फूट जागा आणि पाच-पाच फुटांचे चार दांडे हवेत. अर्ज भरण्यापूर्वी खुराडे उभे असावे, मागाहून नव्हे; जुन्या डालग्याखाली जेमतेम सहा पक्षी मावतात.

डालग्याला मात्र नावे ठेवू नयेत. बुरडाने विणलेले बांबूचे डालगे हवेशीर, हलके आणि खुडूक कोंबडीसाठी व तिच्या पिल्लांसाठी दिवसा फार सोयीचे. घारीपासून ते पिल्लांना वाचवते. कोंबडे झाकून ठेवले तरी तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण याच डालग्याने आपल्याला दिली. परंतु रात्री ते अपुरे पडते. एक धक्का, आणि ते उलटते.

रात्रीचे शत्रू

मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घूस, भटके कुत्रे आणि साप यांच्या कला वेगवेगळ्या. घूस खालून पोखरते. उदमांजर वरून, कौल सरकवून येते. मुंगूस मात्र दिवसाचे जनावर. ते दिवे लागायच्या आधीच्या आणि पहाटेच्या घटकेत दार उघडे सापडले की कार्यभाग उरकते. साप बहुधा अंड्यांसाठी व पिल्लांसाठी येतो. बाजारात मिळणारी षट्‌कोनी विणीची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवीत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि साप तिच्या छिद्रांतून सरळ जातो. अर्ध्या इंचाची, जोड वितळवून पक्के केलेली चौकोनी जाळी महाग पडते, पण पैसे घालावेत ते येथेच. भिंत मातीची चालेल, छप्पर गवताचे चालेल. जाळी आणि कडी यांत काटकसर नको. कडी अशी हवी की जी ढकलून उघडणार नाही.

पायांवर उभ्या खुराड्यात घुशीचा प्रश्न मिटतो. चारही पायांना पत्र्याची पट्टी गुंडाळली तर उंदीरही चढत नाहीत. कोकणात माडाच्या बुंध्याला उंदरांसाठी पत्रा ठोकतात, तीच ही युक्ती. पायांखालची जागा रिकामी ठेवावी. तेथे सरपण रचले की आपणच उंदीर-सापांना बिऱ्हाड दिले.

याहून बारीक शत्रू खुराड्याच्या अंगातच राहतो. कोंबड्यांची गोचीड आणि तांबडे पिटुकले माइट दिवसा फटींत, दांड्याच्या खालच्या बाजूस, बांबूच्या सांध्यांत दडून बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काही सापडत नाही. ती नुसती फिकट होत जाते, तुरा पांढुरका पडतो, अंडी थांबतात. कित्येकदा खुडूक कोंबडी रवण अर्ध्यावर सोडून उठते आणि आपण तिला बोल लावतो. संशय आला तर रात्री दिवा घेऊन दांड्याच्या खालून बोट फिरवावे. रक्ताचा डाग लागला तर निदान झाले. म्हणून दांडे सुटे हवेत. पंधरा दिवसांनी ते काढून कडक उन्हात टाकावेत, सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि वर्षातून दोन-तीनदा आतून चुना द्यावा. मातीच्या जुन्या खुराड्याला भेगा पडलेल्या असतील तर डागडुजीत वेळ न दवडता ते पाडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परसात एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती यांचा ढीग ठेवला की कोंबड्या त्यात लोळून आपली निगा आपण राखतात.

तळावर तूस, भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा यांचा दोन-तीन इंचांचा थर घालावा आणि तो कोरडा राहील हे पाहावे. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर तो बदलण्याची वेळ आली. ही काळजी विशेषतः पिल्लांसाठी. रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की ते पिकतात आणि तेच पिल्लांच्या पोटात जातात. कोरडा तळ हे या रोगावरचे सर्वांत स्वस्त औषध आहे. कोकणासारख्या ठिकाणी तुसाऐवजी बोटभर फट ठेवून मारलेल्या बांबूच्या कामट्यांचा तळ बरा. विष्ठा खाली पडते आणि खताच्या पाटीत गोळा होते. पिल्ले असतील तेव्हा त्यावर गोणपाट अंथरावे.

तयार खुराडे घेताना

अलीकडे लोखंडी पत्र्याची व जाळीची तयार खुराडी विकत मिळतात. विकणारा ‘वीस पक्ष्यांचे’ म्हणतो, तेव्हा तो वीस पक्षी आत कोंबता येतील एवढेच सांगत असतो. आपण टेप घेऊन जावे आणि वरचा हिशेब करावा. दांडा किती फुटांचा आहे, आहे तरी का. छपराखाली हवा निघून जावयास जागा आहे काय. तळाची जाळी कोंबडीच्या पायाला कापेल एवढी बारीक तारेची तर नाही ना. आपला हात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का. चारही बाजूंनी पत्रा असलेले खुराडे फुकट मिळाले तरी घेऊ नये. गावच्या सुताराकडून जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडातून केलेले बहुधा स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

खुराडे लशीची जागा घेऊ शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. मानमोडी म्हणजेच राणीखेत हा रोग शिरला की उत्तम निवाऱ्यातल्या कोंबड्याही पटापट जातात. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला म्हणून जगभर त्याला त्या शहराचे नाव पडले. आपल्याकडे कुमाऊँमधील राणीखेतचे. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन, हा प्रघात आहे; तपशील पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावा. लशीची कुपी पुष्कळ पक्ष्यांची असते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे एकटीने लस आणून भागत नाही. वस्तीने दिवस ठरवावा लागतो. आणि त्या दिवशी पहाटे ज्यांच्या कोंबड्या खुराड्यात बंद असतात, त्यांच्याच सर्व कोंबड्यांना लस मिळते. झाडावर आणि कुंपणावर झोपलेल्या कोंबड्यांमागे धावत सुटणाऱ्या घरी निम्म्या राहतात, आणि रोग पुन्हा तेथूनच सुरू होतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही. मोठ्या शेडमधील पक्ष्यांबरोबर भोवतालच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही तेव्हा नष्ट कराव्या लागल्या. अशा साथीच्या काळात कोंबड्यांना रानपक्ष्यांपासून, पाणवठ्यांपासून दूर, कोंडून ठेवावे लागते. केवळ रात्रीच्या मापाचे खुराडे येथे तोकडे पडते. म्हणून शक्य असेल तेथे त्याला जोडून, वरूनही जाळी असलेले छोटे अंगण करावे. पाच फूट बाय आठ फूट असले तरी दहा कोंबड्यांचे दिवस निघतात. परस एवढा मोठा नसेल तर, आणि बहुतेकांचा तो नसतोच, निदान दाणापाणी खुराड्याच्या आत देता येईल अशी सोय ठेवावी. माणसांच्या झोपण्याच्या खोलीत मात्र कोंबड्या कोंडू नयेत, विशेषतः घरात तान्हे मूल किंवा दम्याचा माणूस असताना. चोरीचे भय असेल तर खुराडे त्याच भिंतीला बाहेरून लावावे आणि कडीला कुलूप घालावे.

बांधण्यास योग्य काळ दिवाळीनंतरचा. माती वाळलेली असते, तुराट्या आणि पेंढा पुढे हाताशी येतो आणि उन्हाळ्याआधी छपराची परीक्षा होते. नव्या खुराड्यात कोंबड्या पहिल्याच दिवशी मोकळ्या सोडू नयेत. चार-पाच दिवस त्यांना आतच दाणापाणी द्यावे, म्हणजे जागा त्यांच्या अंगवळणी पडते. नंतर पहिल्यांदा सोडावे ते दिवस मावळण्यास तास-दीड तास उरला असताना. त्या फार लांब जात नाहीत आणि अंधारू लागले की आपणहून परततात. एखादी जुन्या सवयीने पेरूच्या झाडावर चढलीच, तर पूर्ण अंधार पडल्यावर तिला हलकेच उचलून दांड्यावर नेऊन ठेवावे. अंधारात ती धडपड करीत नाही. कडी लावण्यापूर्वी मोजून घ्यावे.